भुसा कोरडा आहे, ताई

मागच्या आठवड्यात प्राणीगृहाच्या नोंदवहीत शेवटची सही केली आणि माझ्या पीएचडीतला सगळ्यात रखडलेला प्रयोग एकदाचा संपला. विषय ऐकायला भारी वाटतो: इन्शुलिन बनवणाऱ्या आयलेटचं रोपण करताना सोबत स्टेम सेल दिल्या तर ते जास्त चांगलं रुजतं का? प्रत्यक्षात चौदा-पंधरा महिने फॉर्म भरण्यात, वाट बघण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके वेचण्यात गेले. शोधनिबंधांत 'आयलेट वेगळे केले' एवढं एक वाक्य असतं. त्या एका वाक्याने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. नव्याने या कामात पडणाऱ्या कुणाचा तेवढा वेळ वाचला तरी पुष्कळ, म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय.

विषयाची तोंडओळख आधी. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचक रस बनवतो. त्यात विखुरलेली पेशींची छोटी बेटं म्हणजे आयलेट. माणसाच्या स्वादुपिंडात ती सुमारे १० लाख असतात, पण वजनाने सगळी मिळून एक-दोन टक्केच. पॉल लँगरहान्स यांनी ती १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात पहिल्यांदा नोंदवली, तेव्हा ते विद्यार्थीच होते, आणि ही बेटं करतात काय हे त्यांना सांगता आलं नव्हतं. (हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच या बेटांमधल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. मग दात्याची बेटं आणून बसवली तर? २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शपिरो आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांवर ते करून दाखवलं आणि सातही जणांची इन्शुलिनची इंजेक्शनं सुटली. गोम अशी की प्रत्येकाला दोन किंवा त्याहून जास्त दात्यांची बेटं लागली. कारण रक्तात शिरताच बेटांभोवती गुठळ्या आणि दाह सुरू होतो, आणि नव्या रक्तवाहिन्या त्यांच्यापर्यंत पोचायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर प्राणवायूवाचून बरीचशी मरतात. आधीच दाते कमी, त्यात ही नासाडी. ती थोडी तरी कमी करता येते का, एवढाच माझा प्रश्न होता.

१० जानेवारीला प्राणी-नीती समितीकडे अर्ज दिला. फॉर्म एकवीस पानी. उंदीरच का, पेशींवर भागणार नाही का, किती उंदीर, कुठल्या लक्षणाला प्रयोग थांबवून उंदराला त्रासातून सोडवणार, भूल कोणती, वेदनाशामक कोणतं, किती तासांनी. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं (पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा) या फॉर्मच्या पानापानांतून डोकावत असतात. मी रात्रंदिवस बसून सगळं भरलं, संख्याशास्त्राचं गणित जोडलं आणि खुशीत दिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी अर्ज परत आला. एकच शेरा: 'दाते उंदीर कुठे आहेत?'

ज्यांच्यात रोपण करायचं ते उंदीर मी मोजले होते. ज्यांच्या पोटातून आयलेट काढायचे ते मोजलेच नव्हते! एका उंदराकडून हात बसलेल्या माणसाला शंभर ते दोनशे आयलेट मिळतात. म्हणजे दाते लागणार निदान घेणाऱ्यांएवढे तरी. मला लाज वाटली ती चुकीची नव्हे, त्या विसरण्याची. जे मरणार हे ठरलेलंच होतं, तेच माझ्या कागदावर नव्हते. समिती दोन महिन्यांतून एकदा बसायची, त्यामुळे या एका ओळीची किंमत दोन महिने. मंजुरी मे महिन्यात आली. तुम्ही अर्ज करणार असाल तर मसुदा आधी प्राणीगृहातल्या पशुवैद्यांना दाखवा. माझ्या गाईडनी वाचला होता, दोन सहकाऱ्यांनी वाचला होता. पशुवैद्यांनी वाचला असता तर पाच मिनिटांत पकडला असता.

मधल्या काळात बाकीचे कागद चालू ठेवले ते बरं झालं. उंदरांना मधुमेह देण्यासाठी लागणारं स्ट्रेप्टोझोटोसिन हे घातक रसायन, त्याचा वेगळा अर्ज. पेशींसाठी जैवसुरक्षा समितीचा वेगळा. उंदीर हाताळण्याचं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र वेगळं. ते हातात असल्याशिवाय प्राणीगृहाच्या दाराचं कार्डसुद्धा मिळत नाही. हे सगळे अर्ज एकमेकांचे क्रमांक मागतात आणि कुठला आधी भरायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी शेवटी भिंतीवर एक तक्ता चिकटवला, कुठला कागद कुणामुळे अडलाय याचा.

मे ते ऑगस्ट: आयलेट.

काम असं. दात्या उंदराला आधी शांतपणे मरण द्यायचं. मग पोट उघडून पित्तनलिका शोधायची. ती आतड्याला जिथे मिळते तिथे चिमटा लावून तोंड बंद करायचं आणि वरच्या टोकाने, जिथे दोन फाटे मिळून नलिका होते तिथे, ३० गेजची सुई घालून कोलॅजिनेज या एन्झाइमचं थंडगार द्रावण सोडायचं. सुमारे ३ मिलिलीटर. नलिकेतून द्रव भरून ग्रंथी फुगवायची ही युक्ती लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांची, १९६७ची. जमलं तर स्वादुपिंड डोळ्यांसमोर फुलतं. चुरगळलेल्या पातळ पिशवीत पाणी भरावं तसं. नाही जमलं तर आतडं फुगतं आणि तुम्ही नुसते बघत बसता.

पहिले तीन आठवडे माझं आतडंच फुगलं. चिमटा एखाद मिलिमीटर वर लागत होता. पहिल्या दिवशी एका उंदराकडून मला मिळाले ११ आयलेट. अकरा! सीनियरने वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "त्यातले तीन चरबीचे थेंब आहेत."

त्यानेच मग सांगितलं की थेट दाते वाया घालवू नकोस. दुसऱ्या कुणाच्या प्रयोगातले उंदीर संपवले जातात तेव्हा त्यांच्यावर नुसती सुई घालायचा सराव कर, एन्झाइमऐवजी निळा रंग घालून. रंग कुठे जातो ते दिसतं. दोन आठवड्यांत हात बसला. ही क्लृप्ती पहिल्या दिवशी कळली असती तर, असो.

पुढची अडचण वेळेची. फुगवलेलं स्वादुपिंड ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचं, एन्झाइम आजूबाजूची ऊती विरघळवतं. कमी वेळ ठेवलं तर आयलेट पाचक ऊतीच्या वेष्टनात अडकून राहतात, जास्त ठेवलं तर तेच सुटे सुटे होऊन जातात. माझ्याकडे १४ मिनिटं बरोबर होती. नवीन बाटली उघडली आणि त्याच १४ मिनिटांत सगळ्याचा लगदा झाला. एन्झाइमच्या प्रत्येक खेपेची ताकद वेगळी असते. सगळ्या खर्चात हेच सर्वात महाग प्रकरण, त्यामुळे थोडं थोडं मागवायचा मोह होतो. तसं करू नका. एकाच खेपेचं नमुन्यापुरतं आणून चाचणी घ्या आणि पसंत पडली की त्याच खेपेचा पुरेल एवढा साठा एकदम घ्या.

मग घनतेच्या द्रावणावर सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून आयलेटचा थर वेगळा काढायचा आणि शेवटी हाताने वेचायचे. हा भाग मला आवडायला लागला, हे कबूल करते. बशीखाली काळा कागद, वरून तिरका प्रकाश. पाचक ऊतीचे तुकडे फाटक्या कडांचे, अर्धपारदर्शक. आयलेट मात्र गुळगुळीत, भरीव, पांढरट-पिवळसर. एकेक पिपेटने उचलून दुसऱ्या बशीत सोडायचा. खात्री हवी असेल तर थोडे बाजूला काढून डायथायझोन हे रंगद्रव्य टाकायचं. बीटा पेशींत इन्शुलिनसोबत जस्त साठवलेलं असतं, त्याला ते चिकटतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत ठिपके लालभडक होतात. पहिल्यांदा पूर्ण बशी लाल झाली त्या दिवशी मी १६८ मोजले. त्या रात्री झोप लागली.

सप्टेंबरमध्ये स्टेम सेल. आमच्या भाषेत यांना एमएससी म्हणतात, घरी फोनवर "एमएससी करतेय" म्हटलं की "ती तर झाली ना तुझी?" असं येतं. मेसेनकायमल स्टेम सेल. उंदराच्या मांडीच्या हाडातली मज्जा धुऊन काढायची, प्लास्टिकच्या बशीत पसरायची, ज्या चिकटतात त्या वाढवायच्या. ओळख पटवण्यासाठी २००६ मध्ये ठरलेले निकष आहेत: प्लास्टिकला चिकटायला हव्यात, पृष्ठभागावर ठरावीक खुणा असायला आणि काही नसायला हव्यात, आणि हाड, चरबी, कूर्चा या तिन्ही वळणांनी जाता आलं पाहिजे. हे निकष मानवी पेशींसाठीचे. उंदराच्या पेशींच्या खुणा थोड्या वेगळ्या वागतात, त्यावर परीक्षक प्रश्न विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो आणि सुरुवातीला थोडा माझाही होता. या पेशी स्वतः इन्शुलिन बनवू लागतील असं वाटतं. तसं होत नाही. स्टेम सेलपासूनच आयलेट तयार करणं ही वेगळी वाट आहे, आणि ती जोरात आहे: २०२५ मध्ये झिमिसलेसेल या उपचाराचे निष्कर्ष आले, त्यात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्शुलिन लागत नव्हतं. माझ्या एमएससी तसलं काही करत नाहीत. त्या फक्त पाठराखण करतात. रक्तवाहिन्यांना बोलावणारे, दाह शमवणारे, बीटा पेशींना तगवणारे पदार्थ सोडतात. मेसेनकायमल स्टेम सेल हे नाव रूढ करणारे अरनॉल्ड कॅप्लन यांनीच पुढे 'हे नाव बदला, या पेशींना स्टेम म्हणणं दिशाभूल करणारं आहे' असं लिहिलं. नाव काही बदललं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेशींची वाढ मंदावली. मी खाद्य बदललं, बशा बदलल्या, इन्क्युबेटरला शिव्या दिल्या. शेवटी चाचणी केली तर मायकोप्लाझ्मा. हा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, द्रव गढूळ करत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग नाही. सगळ्या बशा ब्लीचमध्ये. इन्क्युबेटर रिकामा करून धुतला. पाच आठवडे गेले आणि मज्जेसाठी पुन्हा उंदीर लागले, म्हणजे समितीकडे पुन्हा दुरुस्तीचा अर्ज. त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत कुणाशी फारसं बोलले नाही. दर महिन्याला चाचणी करा, आणि पहिल्याच फेरीत काही कुप्या गोठवून ठेवा. मी 'पुढच्या वेळी गोठवू' म्हणत राहिले होते.

डिसेंबरमध्ये आयलेट एमएससीच्या थरावर ठेवून वाढवले, कमी आणि जास्त ग्लुकोज देऊन किती इन्शुलिन सोडतात ते मोजलं. बरोबर चाललं. पुढे.

जानेवारीत उंदरांना मधुमेह द्यायचा होता. हे वाक्य लिहायला मला अजून जड जातं. स्ट्रेप्टोझोटोसिन हे साखरेच्या वाटेने बीटा पेशीत शिरतं आणि तिला मारतं. ते आम्लधर्मी सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला, ऐन वेळी विरघळवायचं आणि काही मिनिटांत टोचायचं. ठेवलं की निकामी होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत मरणाऱ्या पेशींतलं इन्शुलिन एकदम बाहेर पडून साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून पिंजऱ्यात साखरेचं पाणी ठेवायचं. मी ठेवलं होतं, तरी एक उंदीर दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेला सापडला. नोंदवहीत कारण लिहायचा रकाना असतो. तो भरताना हात थबकला.

बाकीच्यांची साखर चढली. शेपटीच्या टोकातून एक थेंब, आणि माणसांसाठीचंच साधं ग्लुकोमीटर. ६००च्या वर गेलं की आमच्या मीटरवर आकडा येत नाही, 'हाय' उमटतं. उपकरणाने उसासा टाकावा तसं ते मला प्रत्येक वेळी वाचायला यायचं.

प्राणीगृहातल्या काकांना मीटर लागायचंच नाही. मधुमेही उंदीर ढसाढसा पाणी पितात आणि तेवढंच मुततात. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यातला भुसा चिंब. इतर पिंजऱ्यांचा भुसा आठवड्याने बदलायचा, माझ्यांचा रोज. "तुमचे उंदीर म्हणजे नळ आहेत, ताई," काका म्हणायचे. कामात घेणार असाल तर हे आधीच सांगून ठेवा. भुसा, पाण्याच्या बाटल्या आणि माणसाचे तास तिप्पट लागतात, आणि पिंजऱ्यांचं भाडं दिवसागणिक चढत असतं.

१२ फेब्रुवारीला पहिलं रोपण. दाते आणि घेणारे एकाच वंशाचे, त्यामुळे शरीराने नाकारण्याचा प्रश्न नव्हता. मला फक्त रुजणं पाहायचं होतं. आयलेट मुद्दाम अपुरे द्यायचे, १५०. भरपूर दिले तर सगळेच बरे होतात आणि एमएससीचा फरक दिसत नाही. माणसांत आयलेट पोर्टल शिरेतून यकृतात सोडतात. उंदरात मी मूत्रपिंडावरच्या पातळ आवरणाखाली ठेवले. कारण पुढे सांगते. एमएससी शिरेतून दिल्या तर बऱ्याचशा फुप्फुसांतच अडकतात, म्हणून त्याही आयलेटमध्येच मिसळून, एकाच नळीत.

भूल दिलेल्या उंदराच्या डाव्या कुशीत छोटा छेद, त्यातून मूत्रपिंड हलकेच बाहेर. आकार मोठ्या घेवड्याच्या बीएवढा. आवरण कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ. सुईच्या टोकाने एक ओरखडा, त्यातून बारीक पॉलिथिनची नळी आवरणाखाली सरकवायची आणि सिरिंजचा स्क्रू अगदी थोडा फिरवायचा. आवरणाखाली पांढरा ठिपका पसरू लागतो. मी श्वास रोखून धरला होता, हे सीनियरने "श्वास घे" म्हटल्यावर कळलं. मूत्रपिंड सतत सलाइनने ओलं ठेवा, कोरडं पडलं की आवरण टरकतं. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तो आयलेटच्या आधी बाहेर काढा. माझा दुसरा उंदीर त्या बुडबुड्यापायी वाया गेला.

कुठल्या पिंजऱ्यात काय दिलंय हे मला माहीत नव्हतं. मिश्रणाच्या नळ्या सीनियरने भरल्या होत्या आणि सांकेतिक यादी गाईडच्या कपाटात होती. माझ्या हाताला अपेक्षा चिकटू नये म्हणून.

मग वाट. पहिले काही दिवस काहीच नाही. मीटर उसासे टाकतंय, काका भुसा बदलतायत. १७ क्रमांकाच्या उंदराचे आकडे माझ्या वहीत असे: हाय, ५४२, ५१८, ५३०. मी गाईडना म्हटलं, बहुतेक नाही झालं. त्या म्हणाल्या, रक्तवाहिन्या तुझ्या घाईने येत नाहीत.

२७ फेब्रुवारीला सकाळी कार्ड दाखवून आत शिरते तोच काकांनी हाक मारली.

"ताई, सतराचा भुसा कोरडा आहे. बदलू की राहू दे?"

मी मीटर आणायला धावलेच. १८६. दुसऱ्या दिवशी १५२. इतर पिंजऱ्यांत काही तसेच चिंब होते, काही हळूहळू सुकत गेले. यादी महिनाभराने उघडली. १७ला आयलेट आणि एमएससी दोन्ही मिळाल्या होत्या. सगळे आकडे प्रबंधात येतील. एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय मूत्रपिंडावर जे जमलं ते यकृतात जमेलच असं नाही, कारण शिरेतून वाहत जाताना एमएससी आयलेटला चिकटून राहतीलच याची हमी नसते.

आता ते कारण. साखर उतरली ती रोपणामुळेच, स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी सावरल्यामुळे नव्हे, हे दाखवायचा सरळ मार्ग एकच: रोपण असलेलं मूत्रपिंड काढून घ्यायचं. उंदीर एका मूत्रपिंडावर जगतो, आणि साखर पुन्हा चढली की उत्तर मिळतं. हे अर्जातच लिहिलेलं होतं, चौदाव्या पानावर, माझ्याच अक्षरात. तरी तारीख जवळ आली तसं मी दोनदा पुढे ढकलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा गाईडनी ऐकलं, दुसऱ्यांदा नाही.

८ एप्रिलला सतराचं डावं मूत्रपिंड काढलं. वरच्या टोकाला मसुराएवढा फिकट डाग होता आणि भिंगाखाली त्यात लाल रेषांचं जाळं दिसत होतं. मी फोटो काढला, मूत्रपिंड फिक्सेटिव्हमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवलं, बाटलीवर क्रमांक घातला.

दुसऱ्या दिवशी मीटरवर ४३१ होते. काकांनी मला विचारलं नाही. मी पोचायच्या आधीच त्यांनी सतराचा भुसा बदललेला होता.